तिकीट कुठून फाडायचं?

चौदा तास बिझनेस क्लासमध्ये आडवी होऊन प्रवास केला आणि एअरलाइनच्या खात्यात माइल्स, म्हणजे पुढे फुकट तिकिटासाठी वापरता येणारे पॉइंट्स, जमा झाले शून्य. तिथून हे सगळं सुरू झालं.

तोवर मी स्वतःला या बाबतीत बऱ्यापैकी जाणकार समजत होते. माझं काम असं की वर्षातून पाच-सहा वेळा समुद्र ओलांडावाच लागतो. कारखान्यात नवीन यंत्रं बसली की ती चालवणाऱ्या माणसांना शिकवायचं, आठवडा-दीड आठवडा तिथे राहायचं, परतायचं. मी कुणाकडे नोकरीला नाही. ठरलेल्या मानधनातच प्रवासखर्च धरलेला असतो, त्यामुळे तिकिटात वाचले ते माझे आणि जास्त गेले तर तेही माझेच. मणक्याचं जुनं दुखणं आहे. रात्रभर खुर्चीत ताटकळले की दुसऱ्या दिवशी उभं राहून शिकवता येत नाही, म्हणून लांबच्या प्रवासाला बिझनेसचं तिकीट घ्यावंच लागतं. मग मिळेल त्या सवलतीत मिळेल त्या एअरलाइनचं घ्यायचं आणि समोर येईल त्या लॉयल्टी प्रोग्रॅमचं सभासद व्हायचं, अशी आठ वर्षं गेली. पाकिटात पाच कार्डं जमली. पाचांवर मिळून माइल्स भरपूर, पण एकाही कार्डावर कशाला पुरतील इतके नाहीत.

तर ते शून्य. बोर्डिंग पासचा फोटो जोडून मी रीतसर दावा केला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, की आपला बुकिंग क्लास माइल्ससाठी पात्र नाही. मला वाटलं यांचाच काहीतरी घोळ झालाय. बिझनेस क्लास पात्र नाही म्हणजे काय? पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर. मग फोन केला. पलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, तिकिटावर फ्लाइट नंबरच्या पुढे एक अक्षर असेल. काय आहे ते सांगता?"

"पी."

"मग बरोबर आहे."

विमानातली बिझनेसची खुर्ची सगळ्यांना सारखीच, पण ती पाच-सहा भावांनी विकली जाते आणि प्रत्येक भावाला एक अक्षर असतं. जे, सी, डी, आय, झेड, पी. जे म्हणजे बहुतेक ठिकाणी सगळ्यात महाग आणि हवं तेव्हा बदलता येणारं. खाली उतरावं तसं तिकीट स्वस्त होत जातं आणि अटी वाढत जातात. इथवर माझ्याही लक्षात येत होतं. घोडं पेंड खातं ते पुढे. या अक्षरांचा अर्थ जगभर एक नाही. एकीकडे पी म्हणजे स्वस्तातलं बिझनेस, तर दुसरीकडे तेच पी प्रीमियम इकॉनॉमी. शिवाय माइल्स किती मिळणार हे ज्या विमानात बसलात ती एअरलाइन ठरवत नाही. तिकिटात ज्या प्रोग्रॅमचा नंबर घातलात, त्याने त्या भागीदार एअरलाइनसाठी एक तक्ता करून ठेवलेला असतो आणि तो तक्ता बोलतो. माझ्या प्रोग्रॅमच्या तक्त्यात पी नव्हतंच. त्याच पाकिटातल्या दुसऱ्या कार्डाचा नंबर घातला असता तर त्याच खुर्चीचे भरघोस माइल्स मिळाले असते. हे बाईंनी सांगितलं नाही. मी रात्री दोन वाजेपर्यंत जागून पाचही तक्ते शेजारी शेजारी उघडले, तेव्हा कळलं.

पुढच्या कामावर आम्ही चौघं होतो. एक जर्मन, एक जपानी, एक अमेरिकन आणि मी. दुपारच्या सुट्टीत मी हा किस्सा सांगितला. मला वाटलं होतं हसतील आणि विषय संपेल. पण प्रत्येकाकडे स्वतःची एक कहाणी निघाली, आणि चार देशांतली माणसं 'माइल्स' हा एकच शब्द वापरून चार वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत असं मला पहिल्यांदा जाणवलं.

जर्मन गृहस्थ म्हणाले, "माझ्या खात्यात खूप आहेत, पण ते माझे नाहीत." त्यांच्या कंपनीचा नियम असा, की कामाच्या प्रवासात मिळालेले माइल्स कामाच्याच प्रवासाला वापरायचे. कर्मचाऱ्याला असं सांगण्याचा मालकाला हक्क आहे, असा निकाल जर्मनीच्या संघीय कामगार न्यायालयाने २००६ साली दिलेला आहे. त्याआधी २००२ मध्ये तिथे मोठं प्रकरण झालं होतं. खासदारांनी संसदेच्या कामासाठी केलेल्या प्रवासाचे माइल्स खासगी सहलींना वापरल्याचं उघड झालं आणि ग्रेगोर गिझी यांनी त्यापायी बर्लिनमधलं मंत्रिपद सोडलं. फुकटचं तिकीट घेऊन मंत्रिपद घालवायचं! शिवाय कामाच्या प्रवासाचे माइल्स खासगी कारणासाठी वापरले तर ते उत्पन्न धरण्याचं कलम त्यांच्या आयकर कायद्यात आहे. त्यावरचा कर एअरलाइन ठोक दराने परस्पर भरू शकते, म्हणून सामान्य माणसाला पत्ता लागत नाही, एवढंच.

जपानी सहकारी कमी बोलायचा. त्याने 'शुग्यो' हा शब्द वापरला. मूळ अर्थ साधूंचं खडतर आचरण, आपण तपश्चर्या म्हणू तसलं. तिथे हौशी मंडळी हा शब्द विमानप्रवासाला लावतात. वर्षभरात ठरलेले पॉइंट्स जमवायचे म्हणून टोकियो ते ओकिनावा जायचं, विमानतळाबाहेर पाऊलही न टाकता परत यायचं, पुन्हा जायचं. एएनए या जपानी एअरलाइनचे एका वर्षात ५०,००० प्रीमियम पॉइंट्स झाले की त्यांच्या एका खास क्रेडिट कार्डासाठी अर्ज करता येतो, आणि ते मिळालं की नुसती वार्षिक फी भरत राहिलं तरी स्टेटस, म्हणजे वरच्या दर्जाच्या सभासदाचा मान आणि सोयी, टिकतं. एका वर्षाचं तप आणि पुढे आयुष्यभर लाउंज, असा हिशेब. जपान एअरलाइन्सचंही असंच होतं. त्यांनी जानेवारी २०२४ पासून आयुष्यभराच्या प्रवासाचे पॉइंट्स मोजायला सुरुवात केली, म्हणजे वर्षभराच्या धावपळीने तिथे आता भागत नाही. एएनएचं ते कार्ड घ्यायला मात्र सहसा जपानचे रहिवासी असावं लागतं. उलट मला एक गोष्ट मिळू शकते ती त्याला मिळत नाही: घरातल्या सगळ्यांचे माइल्स एकत्र करायची एएनएची कौटुंबिक खात्याची सोय आहे, ती जपानबाहेर राहणाऱ्यांसाठी. जपानात राहणाऱ्याला त्यासाठी त्यांचं क्रेडिट कार्ड घ्यावं लागतं. "माझी बहीण परदेशात राहते," तो म्हणाला, "ती मजेत आहे."

अमेरिकन माणूस खुर्ची मागे टेकून ऐकत होता. "तुम्ही लोक विमानात बसून माइल्स मिळवता?" त्याने विचारलं. गंमत करतोय असं मला वाटलं, पण तो मनापासून विचारत होता. त्याच्याकडे अमेरिकन एअरलाइन्सचं वरच्या दर्जाचं स्टेटस होतं आणि त्यातला मोठा वाटा क्रेडिट कार्डाचा होता. मार्च २०२२ पासून तिथे स्टेटसही लॉयल्टी पॉइंट्सवर मिळतं, आणि ते पॉइंट्स कार्डावर खर्च करून, त्यांच्या संकेतस्थळावरून दुकानांत खरेदी करूनही जमतात. त्याच्या घराचं छत दुरुस्त झालं त्या वर्षी तो एकदम दोन पायऱ्या वर गेला होता.

हे ऐकून मला आधी हेवा वाटला, मग प्रश्न पडला की युरोपात असं का नाही. कारण शोधलं तर ते विमानात नव्हतं, दुकानाच्या गल्ल्यावर होतं. आपण कार्ड सरकवतो तेव्हा दुकानदाराकडून बँकेला एक टक्केवारी जाते. युरोपीय संघाने डिसेंबर २०१५ पासून सामान्य ग्राहकाच्या क्रेडिट कार्डावर ती जास्तीत जास्त ०.३ टक्के ठेवली. अमेरिकेत क्रेडिट कार्डांवर अशी मर्यादा नाही. त्यामुळे तिथल्या बँकांच्या हातात पैसा जास्त राहतो, त्यातून त्या एअरलाइन्सकडून ढिगाने माइल्स विकत घेतात आणि ग्राहकांना वाटतात. हा धंदा केवढा आहे हे २०२० मध्ये दिसलं. विमानं जमिनीवर उभी होती, तेव्हा युनायटेडने आपला मायलेजप्लस प्रोग्रॅम तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले आणि डेल्टाने स्कायमाइल्सच्या जोरावर ९ अब्ज. विमानं उडत नसतानाही माइल्सना किंमत होती. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ च्या मे महिन्यात ॲडव्हांटेज सुरू केलं ते नेहमीच्या प्रवाशाला धरून ठेवायला. आता प्रवासी हा त्यातला एक ग्राहक आहे, आणि बहुधा मोठा नव्हे.

मी यातल्या कुठल्याच रांगेत बसत नव्हते. मला मालक नाही म्हणून माइल्स माझेच, पण तप करायला वेळ नाही, आणि छताच्या खर्चावर स्टेटस देणारं कार्ड मला मिळत नाही. खात्यात पत्ता कुठला लिहिलाय यावर जे मिळतं, ते मी बदलू शकत नव्हते. बदलता येण्यासारखी एकच गोष्ट हातात होती. ती म्हणजे तिकीट कुठून सुरू करायचं.

त्या दोन वर्षांत माझी कामं युरोपात आणि अमेरिकेत आळीपाळीने होती. युरोपातलं काम संपवून डॅलसला जायचं, तिथून पुढे कारखान्यात. लंडनहून डॅलसचं थेट बिझनेसचं तिकीट पाहिलं की छातीत धस्स व्हायचं. एकदा सहज ऑस्लो ते डॅलस, लंडनमार्गे असं टाकून पाहिलं. ऑस्लोहून लंडन, मग तेच लंडन-डॅलसचं विमान, तोच दिवस, तीच खुर्ची, आणि येतानाही तसंच. भाडं जवळजवळ निम्मं. मी पान बंद करून पुन्हा उघडलं. तेच.

यात चूक नव्हती, हेच त्यांचं गणित आहे. लंडनमधल्या माणसाला थेट विमान हवं असतं, त्यासाठी तो जास्त मोजतो, आणि एअरलाइनला ते ठाऊक असतं. ऑस्लोच्या माणसाला मात्र कुठेतरी उतरून विमान बदलायचंच आहे. मग तो फ्रँकफर्टमार्गे जाईल, ॲम्स्टरडॅममार्गे जाईल, रेक्याविकमार्गेही जाईल. त्याला आपल्याकडे ओढायचं तर भाव उतरवायलाच हवा. वर ब्रिटनचा कर. १९९४ पासून तिथून निघणाऱ्या प्रवाशाला हवाई प्रवासी कर लागतो, आणि लांबच्या प्रवासाला वरच्या वर्गात तो चांगलाच जड आहे. दुसऱ्या देशातून येऊन चोवीस तासांच्या आत लंडनहून पुढे गेलात तर तो लागत नाही. म्हणजे माझ्या शेजारी बसलेला माणूस माझ्यापेक्षा कमी अंतर जाऊन माझ्यापेक्षा जास्त पैसे भरतो, आणि दोघांच्याही तिकिटावर एकच एअरलाइन.

भाडं नॉर्वेजियन क्रोनरमध्ये आलं, कारण भाडं मुळात प्रवास जिथून सुरू होतो त्या देशाच्या चलनात ठरतं. कार्डावर परकीय चलनाची फी लागेल हे विसरले होते. छोटी गोष्ट, पण पुढच्या वेळी कार्ड बदललं. एक नियम मात्र फार कामाला आला. अमेरिकेला जाणारं तिकीट एअरलाइनकडूनच आणि निघायच्या किमान सात दिवस आधी घेतलं, तर चोवीस तासांत पूर्ण पैसे परत घेऊन रद्द करता येतं. काही एअरलाइन्स त्याऐवजी पैसे न घेता चोवीस तास भाडं धरून ठेवतात. अमेरिकेच्या परिवहन खात्याचा हा नियम परदेशी एअरलाइन्सनाही लागू आहे. मी आधी तिकीट घेऊन टाकलं, मग रात्रभर अक्षरं तपासली, अटी वाचल्या आणि सकाळी ठरवलं की ठेवायचं.

आता हात दाखवून अवलक्षण कसं केलं ते सांगते.

मी होते ॲम्स्टरडॅमजवळ. ऑस्लोला पोचायला वेगळं, स्वस्तातलं तिकीट घेतलं आणि मध्ये पाच तास ठेवले. पाच तास म्हणजे खूप, असं वाटलं. ते विमान आधी दोन तास, मग चार, मग कधी सुटेल ते सांगता येत नाही, असं झालं. दोन्ही तिकिटं वेगवेगळी, त्यामुळे पहिल्या विमानाच्या उशिराशी दुसऱ्या एअरलाइनचं काही देणंघेणं नाही. मी डोकं लढवलं. म्हटलं, ऑस्लो राहू दे, इथून सरळ लंडनला जाते आणि डॅलसच्या विमानात तिथेच चढते, नाहीतरी ते लंडनहूनच सुटतं. फोन लावला. पलीकडचा मुलगा घाईघाईने म्हणाला, "असं अजिबात करू नका. पहिला टप्पा चुकवलात तर पुढचं सगळं तिकीट आपोआप रद्द होईल. येतानाचंसुद्धा."

तिकिटाचे टप्पे क्रमानेच वापरायचे असतात. माळेतला पहिला मणी सुटला की माळ गेली. त्या मुलाने निदान एवढं केलं, की ऑस्लोचं विमान सुटायच्या आत मला दुसऱ्या दिवशी सकाळवर टाकलं. बदलाची फी आणि भाड्यातला फरक मिळून वाचवलेले पैसे जवळपास वितळले. विमान सुटून गेल्यावर फोन केला असता तर तेही जमलं नसतं.

शेवटचा टप्पा सोडला तर काय होतं, हे मी नंतर वाचलं. ऑस्लो-फ्रँकफर्ट-सिॲटल असं येण्याजाण्याचं तिकीट काढलेला एक प्रवासी परतताना फ्रँकफर्टलाच थांबला आणि वेगळ्या तिकिटाने बर्लिनला गेला. लुफ्थान्साने भाड्यातल्या फरकासाठी त्याच्यावर २,००० युरोंहून अधिक रकमेचा दावा लावला. डिसेंबर २०१८ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने तो फेटाळला. प्रवासी सुटला खरा, पण कोर्टाची पायरी चढावी लागली. तेव्हा मी येतानाही मुकाट्याने ऑस्लोपर्यंत जाते. बॅगही तिथेच निघते.

तेव्हापासून मी एक रात्र आधी पोचते. विमानतळाजवळ मुक्काम करते आणि तो खर्च सुरुवातीलाच हिशेबात धरते. तो धरूनही परवडत असेल तरच हा द्राविडी प्राणायाम करायचा. अशाच एका सकाळी एक निवृत्त नॉर्वेजियन गृहस्थ भेटले. माझ्या बॅगेवरच्या कार्डांकडे बघून म्हणाले, की आमच्या देशात अकरा वर्षं देशांतर्गत विमानांवर पॉइंट्स द्यायला बंदी होती. मला खरं वाटेना. पण खरंच, २००२ मध्ये तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाने आधी एसएएस या तिथल्या मोठ्या एअरलाइनला आणि पुढे सगळ्यांनाच ती घातली, आणि ती २०१३ मध्ये उठली. कारण सरळ होतं. देशभर जाळं असलेली एकच मोठी एअरलाइन पॉइंट्स वाटू लागली, तर नवीन येणाऱ्याकडे कोण जाईल? भाडं कमी असलं तरी माणूस पॉइंट्सपाशीच अडकून राहतो, आणि नोकरदार असेल तर भाडं कंपनी भरते नि पॉइंट्स त्याला मिळतात. मी आठ वर्षं पाच कार्डं घेऊन फिरत होते, पण या सगळ्याकडे त्या बाजूने कधी पाहिलंच नव्हतं. ज्या देशाने हे कुलूप ओळखलं, त्याच देशाच्या विमानतळावर मी पॉइंट्ससाठी वळसा घालून बसले होते.

कारण वळसा फक्त भाड्यासाठी नव्हताच. ब्रिटिश एअरवेजच्या तेव्हाच्या पद्धतीत स्टेटसचे टिअर पॉइंट्स प्रत्येक टप्प्याला ठरलेले असायचे. भाडं किती भरलं याच्याशी संबंध नाही. युरोपातल्या छोट्या बिझनेस टप्प्याला ४०, लंडन-डॅलससारख्याला १४०. म्हणजे जाऊन-येऊन ३६०. सिल्व्हर दर्जाच्या कार्डाला ६०० लागायचे आणि त्यांची स्वतःची चार विमानं. माझ्या दोन फेऱ्यांतच काम झालं. लंडनमधला माझा शेजारी दुप्पट पैसे भरून प्रत्येक फेरीला माझ्यापेक्षा ८० पॉइंट्स कमी मिळवत होता. अशी व्यवस्था टिकणार नाही हे तेव्हाच समजायला हवं होतं.

नाहीच टिकली. १ एप्रिल २०२५ पासून कर वगळून भरलेल्या प्रत्येक पौंडाला एक टिअर पॉइंट, आणि सिल्व्हरला ७,५००, गोल्डला २०,००० असं झालं. माझं गणित एका दिवसात उलटं झालं. आता मी जितकी हुशारीने स्वस्त तिकीट काढेन तितकं स्टेटस दूर जाणार. हे नवीन नाही. डेल्टा आणि युनायटेड यांनी २०१५ मध्ये आणि एअर फ्रान्स-केएलएमच्या फ्लाइंग ब्लूने २०१८ मध्ये माइल्स खर्चाला जोडले होते. धोरण म्हणून मला ते अन्यायाचं वाटत नाही. जास्त पैसे देणाऱ्याला दुकानदार जास्त मान देणारच. पण मग त्याला लॉयल्टी कशाला म्हणायचं, हे मला कळत नाही. मी दहा वेळा आले आणि तुम्ही एकदाच आलात, तरी निष्ठावंत तुम्हीच.

एव्हाना पाच कार्डांचा निकाल लावून झाला होता. दोन कार्डांवरचे माइल्स मुदत संपून आधीच गेले होते. इथेही प्रदेशाप्रमाणे चाल वेगळी. डेल्टा आणि युनायटेडच्या माइल्सना मुदतच नाही, तर सिंगापूर एअरलाइन्स आणि एएनएचे माइल्स तुम्ही कितीही उडत राहिलात तरी तीन वर्षांत संपतात. उरलेले मी एव्हिऑसमध्ये एकवटले. ब्रिटिश एअरवेज, इबेरिया, कतार, फिनएअर या सगळ्यांचं चलन एव्हिऑसच असल्याने ते एका खात्यातून दुसऱ्यात तसेच्या तसे हलवता येतात. आणि हलवावेतच, कारण फुकटचं तिकीट फुकट नसतं. माइल्स भरूनही वर कर आणि एअरलाइनचा सरचार्ज रोख द्यावा लागतो. मी पाहिलं तेव्हा लंडनहून निघणाऱ्या बिझनेस तिकिटावर जी रोख रक्कम होती, तिच्यापेक्षा माद्रिदहून निघणाऱ्या इबेरियाच्या तिकिटावर कितीतरी कमी होती. युनायटेड तर भागीदार एअरलाइन्सच्या विमानांवर माइल्स वापरताना असा सरचार्ज घेतच नाही. जपानी कंपन्यांचा इंधन सरचार्ज दर दोन महिन्यांनी सिंगापूरच्या केरोसिनच्या भावावरून ठरतो, आणि प्रवास जपानमधून सुरू होतो की बाहेरून यावर त्याची रक्कम बदलते. जपानी मित्राला मी हे विचारलं तेव्हा तो म्हणाला, की तिकीट काढण्याआधी तो तेलाचा भाव बघतो. तपश्चर्येचाच भाग असणार.

आणखी एक मला फार उशिरा उमगलं. 'बिझनेस' या शब्दाचाही प्रदेशाप्रमाणे अर्थ बदलतो. ऑस्लो-लंडनच्या टप्प्यात बिझनेस म्हणजे इकॉनॉमीचीच खुर्ची, फक्त मधली रिकामी ठेवतात. गुडघ्याला जागा तेवढीच, पण विमानतळावर लाउंजचं दार उघडतं. अमेरिकेतल्या देशांतर्गत विमानात पुढच्या वर्गाची खुर्ची खरोखर ऐसपैस असते, पण एरवी त्या तिकिटावर लाउंज मिळत नाही. एकीकडे दार आहे, खुर्ची नाही. दुसरीकडे खुर्ची आहे, दार नाही. आता तर लांबच्या विमानांतही बिझनेसचे तुकडे पाडून विकतात. काही एअरलाइन्सच्या सगळ्यात स्वस्त बिझनेस तिकिटात लाउंज नसतं, आधी खुर्ची निवडता येत नाही. अक्षराबरोबर आता मी त्या भाड्याचं नावही वाचते.

माझ्या सिल्व्हर कार्डाची मुदत संपायला महिनाभर उरला होता तेव्हा शेवटची डॅलसची फेरी झाली. काम आटोपून त्या अमेरिकन सहकाऱ्याबरोबर शिकागोला जायचं होतं. दोघांचीही तिकिटं इकॉनॉमीची, एकाच विमानाची. विमानाला तीन तास होते. मी सवयीने ॲडमिरल्स क्लबकडे, म्हणजे अमेरिकन एअरलाइन्सच्या लाउंजकडे वळले. तो मागेच थांबला.

"तिकडे कुठे? देशांतर्गत प्रवासाला आपल्याला आत सोडत नाहीत."

त्याचं कार्ड माझ्यापेक्षा वरच्या दर्जाचं, तेही त्याच एअरलाइनचं, ज्या एअरलाइनचा तो लाउंज आहे. आणि त्याचं बरोबर होतं. अमेरिकन एअरलाइन्सच्या स्वतःच्या सभासदांना देशांतर्गत प्रवासात स्टेटसवर लाउंज मिळत नाही. पण वनवर्ल्ड या एअरलाइन्सच्या युतीत ब्रिटिश एअरवेजही आहे, आणि माझ्या सिल्व्हरसारखं तिथलं वरच्या दर्जाचं कार्ड असलेल्याला युतीच्या नियमाने मिळतं, आणि सोबत एक पाहुणाही नेता येतो. पाहुणा त्याच दिवशी वनवर्ल्डच्या विमानाने जाणारा असला म्हणजे झालं.

"तू माझा पाहुणा," मी म्हटलं.

काउंटरवरच्या बाईंनी माझं कार्ड पाहिलं, मग त्याचा बोर्डिंग पास, मग त्याच्या पासवर छापलेला त्याचा दर्जा. त्यांनी भुवया जरा उंचावल्या, पण काही बोलल्या नाहीत. तो आत येऊन खिडकीपाशी बसला आणि बराच वेळ गप्प होता. "पंधरा वर्षं," शेवटी म्हणाला, "पंधरा वर्षं मी यांच्याशी एकनिष्ठ आहे."

विमानात चढताना त्याचा फोन वाजला. त्याला पुढच्या वर्गात फुकट अपग्रेड मिळालं होतं. ते मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या सभासदांना मिळतं. माझ्या कार्डावर त्याची सोय नाही. तो दुसऱ्या रांगेत ऐसपैस बसला, मी सामान सावरत त्याच्या शेजारून पुढे सरकले. अठ्ठाविसाव्या रांगेत, मधल्या खुर्चीत, पाठीमागे कोट दुमडून ठेवला आणि पट्टा लावला.